कथिलाची झिलई म्हणजे चिनी माती नव्हे

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत निळ्या गलबतांची चित्रे असलेल्या जुन्या डच भांड्यांवर आपण पानभर लेख छापलात. या विषयावर मराठीत कोणी लिहील असे मला कधी वाटले नव्हते, त्यामुळे मी तो लागोपाठ दोनदा वाचला. लेखिकेने जीव ओतून लिहिले आहे. पण फोटोखालची एक ओळ आणि शेवटच्या चौकटीतला एक सल्ला वाचला आणि हे पत्र लिहिल्यावाचून राहवले नाही.

ओळ अशी आहे : ‘चिनी मातीच्या बशीवरील डच जहाज’. आणि सल्ला असा, की अशा बशीवर जुने डाग असतील तर ती ब्लीच घातलेल्या कोमट पाण्यात रात्रभर बुडवून ठेवावी.

ती बशी चिनी मातीची नाही. विटेच्या जातीच्या साध्या भाजलेल्या मातीची आहे आणि तिच्यावर कथिलाच्या पांढऱ्या झिलईचा थर आहे. नाव चुकले म्हणून सल्लाही चुकला. हा सल्ला वाचून एखाद्याने घरातली अशी वस्तू पाण्यात घातली तर काय होते, ते मी स्वतः पाहिले आहे.

मी १९९९ साली लग्न होऊन रॉटरडॅमला आले. पहिली सहा वर्षे आम्ही एका वयस्कर बाईंच्या घरी वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. १४ मे १९४० रोजी जर्मन विमानांनी रॉटरडॅमचा मध्यभाग बेचिराख केला, तेव्हा या बाई बारा वर्षांच्या होत्या. त्यांच्या आजोबांचे घर त्यात गेले. आग विझल्यावर त्या वडिलांबरोबर तिथे गेल्या आणि ढिगाऱ्यातून धड राहिलेल्या चार टाइल्स पदरात घेऊन आल्या. इथल्या जुन्या घरांत भिंत जमिनीला मिळते तिथे टाइल्सची एक ओळ लावत, म्हणजे फरशी पुसताना भिंतीचा चुना खराब होत नसे. त्या ओळीतल्या या चार. आम्ही ते घर सोडले तेव्हा त्यांतली एक त्यांनी माझ्या हातावर ठेवली.

तेरा सेंटिमीटर लांब, तेवढीच रुंद. मधोमध माझ्या करंगळीएवढ्या उंचीचे तीन डोलकाठ्यांचे गलबत. खाली चार-पाच फटकाऱ्यांत समुद्र, वर तीन ठिपक्यांचे पक्षी. शिडे पुढे फुगलेली आहेत आणि मागच्या टोकाचे निशाणही पुढच्याच बाजूला फडफडते आहे. वारा मागून असला की निशाण असेच उडणार. पुढे मी अशा कितीतरी टाइल्स पाहिल्या, ज्यांत शिडे एकीकडे आणि निशाण दुसरीकडे आहे. तिथे रंगवणाऱ्याने दुसऱ्याच्या चित्रावरून चित्र काढलेले असते. माझ्या टाइलवरच्या हाताला वारा ठाऊक होता.

टाइलच्या डाव्या अंगाला केसासारख्या तड्यांचे जाळे होते आणि त्या तड्यांत काजळी बसली होती. बाईंनी ती साठ-पासष्ट वर्षांत कधी काढली नव्हती. मी काढायला गेले. पांढरे, गुळगुळीत आणि चकचकीत ते सगळे आपल्या बोलण्यात चिनी मातीचे : कप, बश्या, लोणच्याची बरणी. मला त्या टाइलसाठी दुसरा शब्दच माहीत नव्हता. चिनी मातीच्या कपाला ब्लीचने काही होत नाही, मग हिला काय होणार, असा माझा हिशेब. टाइल एक रात्र ब्लीचच्या पाण्यात ठेवली. सकाळी तडे पुष्कळच फिके झाले होते आणि मला आनंद झाला.

तीन आठवड्यांनी कडेला मिठासारखी पांढरी भुकटी दिसू लागली. पुसली की दोन दिवसांत परत. त्या हिवाळ्यात घर तापवायला सुरुवात झाली आणि एका सकाळी मागच्या डोलकाठीवरचे शीड पापुद्र्यासारखे सुटून फडताळात पडलेले सापडले. नखाएवढा निळा-पांढरा तुकडा, बोट लावताच त्याचे तीन झाले. जिथे शीड होते तिथे आता पिवळसर माती दिसते.

मी बाईंकडे गेले आणि झाले ते सांगितले. त्या रागावल्या नाहीत. उरलेल्या तिन्ही टाइल्स काढून त्यांनी टेबलावर पालथ्या ठेवल्या, बोट पाण्यात बुडवून एकीच्या पाठीवर टेकवले आणि मला पाहायला सांगितले. ओला ठसा माझ्या डोळ्यांदेखत आटून गेला. माती पाणी पीत होती. चिनी मातीच्या बशीचा झिलई नसलेला तळ असा पाणी पीत नाही. ती माती भट्टीत पार काचेसारखी घट्ट झालेली असते. माझी टाइल मात्र तड्यांतून आणि पाठीतून रात्रभर ब्लीच पीत राहिली. पाणी वाळले, त्यातला क्षार मातीत राहिला, झिलईच्या खाली त्याचे खडे धरले आणि त्या खड्यांनी झिलई आतून ढकलून काढली.

म्हणून त्या ओळीतला शब्द मला एवढा लागला.

ही वस्तू कशी बनते ते लेखात दोन ओळींत आटोपले आहे. खरी गंमत तिथेच आहे, म्हणून मी थोडे सविस्तर लिहिते. डच कुंभार दोन-तीन ठिकाणच्या माती एकत्र करत. त्यांतली एक चुनखडीयुक्त माती आजच्या बेल्जियममधल्या तूर्ने भागातून येई. चुन्यामुळे माती भाजल्यावर फिकट पिवळसर होते आणि झिलईशी तिचे चांगले जमते. वस्तू एकदा भाजून घेत. मग ती पांढऱ्या झिलईच्या पातळ घोळात बुडवत. झिलई म्हणजे मुळात शिशाची काच, पारदर्शक. तिच्यात कथिलाची राख घातली की राखेचे कण विरघळत नाहीत, काचेत तसेच तरंगत राहतात आणि प्रकाश अडवतात. त्यामुळे काच दुधासारखी पांढरी दिसते. कल्हईला लागते तेच हे कथील, फक्त इथे ते जाळून भुकटी केलेले असते.

बुडवून काढलेली झिलई लगेच सुकते आणि नुकत्याच चुना दिलेल्या भिंतीसारखी भुरभुरीत होते. या भुकटीवर कुंचल्याने चित्र काढायचे. रंग टेकला की पाणी आत शोषले जाते आणि रेघ जिथल्या तिथे बसते. पुसता येत नाही, खोडता येत नाही, हात थबकला तर तिथे डाग पडतो. म्हणून आधी कागदावर चित्र काढून त्याच्या रेघांवर सुईने भोके पाडत, कागद टाइलवर ठेवून कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी वरून आपटत, आणि उमटलेल्या ठिपक्यांवरून गडद निळी रेघ ओढत. कोळसा भट्टीत जळून जातो, रेघ राहते. निळा रंग कोबाल्टचा. तो जर्मनीतल्या सॅक्सनीच्या खाणींतून येई आणि भट्टीची धग सोसणारा सर्वांत भरवशाचा रंग होता. चांगल्या ताटावर या सगळ्याच्या वरून पारदर्शक शिशाच्या झिलईचा एक शिडकावा देत, त्याने निळ्याला ओलसर तकाकी येई. मग दुसरी भाजणी, साधारण हजार अंश सेल्सिअसला. खऱ्या पोर्सेलिनला, म्हणजे अस्सल चिनी मातीला, तेराशेच्या आसपास लागतात, आणि मुख्य म्हणजे केओलिन नावाची पांढरी माती लागते. ती डच कुंभारांकडे नव्हती.

मग त्यांनी हे करायला का घेतले? त्याचे उत्तर समुद्रातच आहे. १६०२ साली डच ईस्ट इंडिया कंपनी स्थापन झाली. त्याच वर्षी झीलंड या डच प्रांताच्या जहाजांनी पोर्तुगीजांचे ‘साओ तियागो’ हे जहाज पकडले, आणि १६०३ मध्ये सिंगापूरजवळ ‘सांता कातारिना’ हाती लागले. दोन्हींच्या पोटात चिनी पोर्सेलिन होते. मिडलबर्ग आणि ॲमस्टरडॅमला त्याचे लिलाव झाले आणि निळ्या-पांढऱ्या भांड्यांचे वेड लागले. पुढे १६४४ मध्ये चीनमध्ये मिंग राजवट कोसळली, यादवीत तिथल्या भट्ट्या थंडावल्या, माल येईनासा झाला. मागणी तशीच होती. रॉटरडॅमजवळच्या डेल्फ्ट गावच्या कुंभारांनी ती पोकळी आपल्या मातीने आणि कथिलाने भरून काढली. त्या शतकाच्या शेवटी त्या एवढ्याशा गावात तिसाहून अधिक कारखाने चालू होते, त्यांतले कितीतरी बंद पडलेल्या दारूभट्ट्यांच्या जागेत.

कथिलाची झिलई मात्र त्यांनी शोधलेली नाही. नवव्या शतकात बसरा भागातल्या कुंभारांनी चिनी पांढऱ्या भांड्यांची बरोबरी करण्यासाठीच ती वापरली होती. तिथून ती मुस्लिम स्पेनमध्ये, मग इटलीत, आणि सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला इटालियन कुंभारांबरोबर अँटवर्पला आली. १५८५ मध्ये अँटवर्प स्पॅनिश फौजांच्या हाती पडले तेव्हा कारागीर उत्तरेकडे पळाले. लेखात ‘गलबतांची भांडी ही डचांची कल्पना’ असे वाक्य आहे, तेही दुरुस्त करावे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये स्पेनमधल्या मालागाला घडवलेला एक मोठा वाडगा आहे, पंधराव्या शतकाच्या पहिल्या अर्धातला. त्याच्या आतल्या बाजूला पोर्तुगालचे राजचिन्ह असलेले फुगलेले शीड घेऊन एक जहाज सगळा वाडगा व्यापून उभे आहे, खाली मासे आहेत. डेल्फ्टला पहिले गलबत रंगवले गेले त्याच्या कितीतरी आधीचे ते. मी त्याच्यासमोर पाऊण तास उभी होते.

इथे कोणी म्हणेल, डेल्फ्टचे कारागीर स्वतःच आपल्या मालाला पोर्सेलिन म्हणत होते. खरे आहे. १६५३ साली सुरू झालेल्या आणि आजही चालू असलेल्या कारखान्याचे नावच ‘दे पोर्सेलेन फ्लेस’, म्हणजे पोर्सेलिनची बाटली. पण ते बाजारातले नाव होते. गिऱ्हाईक चिनी माल मागत होते, त्याला तसा दिसणारा माल द्यायचा होता. मला त्या कुंभारांचे कौतुक वाटते ते त्यांनी पोर्सेलिन बनवले म्हणून नव्हे. हाताशी विटेची माती असताना त्यांनी तिच्यावर एक पांढरा पडदा ओढला आणि त्या पडद्यावर वारा काढून दाखवला, म्हणून वाटते. चिनी माती म्हटले की हे सगळे श्रम एका शब्दात पुसले जातात.

आणखी एक दुरुस्ती, लहानशी. लेखातल्या टाइल्सना सरसकट ‘डेल्फ्टच्या’ म्हटले आहे. डेल्फ्टचा भर ताटे, फुलदाण्या अशा भांड्यांवर होता. टाइल्स बहुतांश रॉटरडॅम, उट्रेक्ट, हार्लिंगन, माक्कम इथल्या भट्ट्यांतल्या. त्यांतही गलबतांच्या बाबतीत आमच्या रॉटरडॅमला मान द्यायलाच हवा. कॉर्नेलिस बाउमेस्टर हा चित्रकार (१६५२-१७३३) इथलाच. कित्येक टाइल्स जोडून त्यांवर एकच एक मोठा देखावा तो रंगवत असे : बंदर, त्यात उभी असलेली जहाजे, दोर, शिड्या, धुराचे लोट, सगळे निळ्यात. जवळ गेलात तर प्रत्येक टाइल दोन-चार रेघांची, चार पावले मागे सरलात की बंदर उभे राहते.

लिव्हरपूलच्या वाडग्यांचा लेखात ओझरता उल्लेख आहे, त्यावरही एक सांगायचे आहे. अठराव्या शतकाच्या मध्याला लिव्हरपूलचे कुंभार याच कथिलाच्या झिलईत मोठमोठे मद्याचे वाडगे बनवत. आतल्या तळाशी जहाजाचे चित्र आणि त्याखाली ‘अमुक जहाजाला यश लाभो’ असे जहाजाच्या नावासह लिहिलेले. कप्तान आणि मालक ते खास बनवून घेत. लेखिकेने त्यांना ‘सागरी साहसाची गोड आठवण’ म्हटले आहे. त्या काळात लिव्हरपूल हे ब्रिटनमधले गुलामांच्या व्यापाराचे सर्वांत मोठे बंदर झालेले होते. ‘यश’ हा शब्द वाडग्याच्या तळाशी वाचताना ते कोणत्या जहाजाचे आणि कशातले यश, हे विचारायला हवे. वाडगे सुंदर आहेत. ते पाहताना मला दोन्ही गोष्टी एकदमच दिसतात आणि त्यांतली एक गाळून दुसरी छापणे मला पटत नाही.

हा धंदा का बसला, तेही या मातीच्या स्वभावातच आहे. तिचे काठ टवके उडून जातात, गरम चहाने झिलई तडकते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये जोसाया वेजवुड या कुंभाराने हलकी, टणक, साईच्या रंगाची भांडी स्वस्तात विकायला काढली आणि कथिलाची झिलई मागे पडली. त्याआधीच, १७५६ मध्ये, लिव्हरपूलच्या जॉन सॅडलर आणि गाय ग्रीन यांनी शपथेवर सांगितले होते की सहा तासांत आम्ही बाराशेवर टाइल्स छापल्या. छापल्या, रंगवल्या नव्हे. इतक्या टाइल्सवर हाताने गलबत काढायला एका माणसाला किती दिवस लागले असते, ते माझ्या टाइलवरची एक-एक दोरी मोजताना मला कळते.

आता ओळखायचे कसे, हे लिहिते, कारण लेखाच्या चौकटीत हीच माहिती असायला हवी होती. काठाला उडालेला टवका बघा. आत माती पिवळसर किंवा तांबूस, भुरभुरीत आणि वर पांढरा थर वेगळा दिसला, तर ती कथिलाची झिलई. पोर्सेलिन तुटलेल्या जागीही आरपार पांढरे आणि काचेसारखे असते. दिव्यासमोर धरा : पातळ पोर्सेलिनमधून उजेड झिरपतो, यातून नाही. टिचकी मारून बघायचा मोह आवरा, जुन्या तड्याला तेवढेही पुरते. टाइल असेल तर पृष्ठभागावर कोपऱ्यांशी टाचणीच्या टोकाएवढी भोके शोधा. टाइल चौकोनी कापण्यासाठी वर एक लाकडी फळी दाबून धरत, तिला खिळे असत, त्यांची ती खूण. जाडीही मोजा. माझी आठ मिलिमीटर आहे, म्हणजे अठराव्या शतकातली. आधीच्या शतकातल्या याहून बऱ्याच जाड असतात. मात्र भोके नकली मालातही पाडलेली असतात, तेव्हा एका खुणेवर पैसे मोजू नयेत.

आणि स्वच्छ करायचे तर मऊ, कोरड्या कुंचल्याने. फार तर किंचित ओलसर कापूस, तोही झिलई धड आहे तिथेच आणि लगेच कोरडा करून. बुडवायचे नाही. ब्लीच नाही, व्हिनेगर नाही, भांडी धुण्याचे यंत्र तर नाहीच. तडे काळे पडले असतील तर ते काम भांड्यांच्या संवर्धनात शिकलेल्या माणसाकडे द्यावे. ते मातीत शिरलेला क्षार शुद्ध पाण्याने हळूहळू काढतात. माझ्या टाइलचा क्षार असाच काढून घ्यावा लागला. पाणी अनेकदा बदलून, कित्येक आठवडे. शीड परत लावता आले नाही, तीन तुकड्यांतला एक भुकटी होऊन गेला होता. उरलेले दोन मी काचेच्या कुपीत ठेवले आहेत.

माझी विनंती एवढीच आहे, की पुढच्या रविवारी फोटोखालच्या ओळीची आणि चौकटीतल्या सल्ल्याची दुरुस्ती छापावी. मराठीत याला रूढ शब्द नाही, ही लेखिकेची अडचण मी समजू शकते, पण ‘कथिलाच्या झिलईची मातीची बशी’ असे लिहिले तर कोणालाही कळेल. पुरावा शोधायला लांब जावे लागणार नाही. आपण छापलेल्या त्याच फोटोत बशीच्या उजव्या काठाला, गलबताच्या निशाणाच्या रेषेत, एक टवका उडालेला आहे. कागदावरसुद्धा तिथली माती पिवळी दिसते.

आपली,
एक वाचक, रॉटरडॅम